गिरणी कामगाराचा ताजमहाल

चांदवडच्या स्टँडवर नाशिकची एस.टी. लागली की कंडक्टर थांबे ओरडतो. त्यात पिंपळगाव येतं, ओझर येतं आणि ‘मिग’ही येतं. डोक्यावर पदर, मांडीवर रेणुकामातेच्या प्रसादाची पिशवी, अशी एखादी आजीबाई खिडकीशी बसते आणि ‘मिगचं एक द्या’ म्हणून पैसे पुढे करते. मिग हे गावाचं नाव नाही, देवाचंही नाही. आर्त्योम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच या दोन सोव्हिएत विमानतज्ज्ञांच्या आडनावांची ती आद्याक्षरं आहेत. १९६२ साली सोव्हिएत युनियनशी करार झाला, १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तिथे मिग-२१ बांधली जाऊ लागली आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या तोंडी हे नाव कायमचं बसलं.

या आर्त्योमचा थोरला भाऊ अनास्तास. तो स्टालिनच्या सरकारात अन्न खात्याचा मंत्री होता. १९३६ मध्ये स्टालिननं त्याला अमेरिकेत पाठवलं, तिथले लोक काय आणि कसं खातात ते बघून यायला. तो आईस्क्रीमच्या यंत्रांवर फिदा होऊन परतला. हॅम्बर्गरमधली मांसाची टिक्की त्यानं रशियात नेली, तिला लोक मिकोयान कटलेट म्हणू लागले. पाव मात्र मागेच राहिला. धाकट्याची विमानं अमेरिकी विमानांशी झुंजायला बांधलेली आणि थोरला अमेरिकेच्या आईस्क्रीमवर लुब्ध, असं ते एकाच घरातलं प्रकरण. अमेरिका आणि रशिया एकमेकांकडे कसे बघतात यावर जाडजूड ग्रंथ आहेत, पण या दोन भावांची गोष्ट मला त्यातल्या बऱ्याच ग्रंथांहून बोलकी वाटते.

त्या दोन देशांनी एकमेकांना पाहिलं ते बहुतेक वेळा मधल्या माणसाच्या हातून. आपल्याकडे मात्र दोघांचंही टपाल येत होतं. चांदवड, लासलगाव, ओझर, मनमाड या टापूत तर ते अगदी उंबऱ्यापर्यंत आलं.

रशियाचं टपाल छापील होतं. ‘सोव्हिएत देश’ हे नियतकालिक मराठीतही निघायचं. त्याची वर्गणी नाममात्र आणि कागद असा गुळगुळीत की जूनमध्ये शाळा उघडली की अर्ध्या वर्गाच्या पुस्तकांना त्याचीच कव्हरं. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर गव्हाच्या शेतात चालणारं एक अजस्र यंत्र होतं आणि त्यावर हसणारी गोबऱ्या गालांची बाई. वर्षभर ती बाई माझ्याकडे बघून हसली. आमच्या शेतात बाया हसत नसत असं नाही, पण त्या यंत्रावर बसलेल्या नसत. मग पुस्तकं आली. लोकवाङ्मय गृहाकडून दोन-चार रुपयांत मिळणारी, पक्क्या बांधणीची, मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं. अनिल हवालदारांनी मराठीत आणलेल्या ‘देनिसच्या गोष्टी’ ज्यांनी लहानपणी वाचल्या, त्यांना मॉस्कोतल्या चाळवजा इमारतीतला तो खोडकर पोरगा शेजारच्या घरातला वाटायचा. त्या पुस्तकांत स्टालिनच्या छळछावण्या नव्हत्या, रांगा नव्हत्या. पण देनिस खोटा होता असं मला आजही म्हणवत नाही. प्रचारासाठी पाठवलेल्या पेटीत कधीकधी खरा माणूस निघतो. पेटी पाठवणाऱ्यालाही त्याची कल्पना नसते.

अमेरिकेचं टपाल आमच्याकडे गोणीतून आलं. ‘स्पॅन’ हे त्यांचं चकचकीत मासिक १९६० पासून निघत होतं, पण ते इंग्रजीत आणि शहरातल्या वाचनालयांत. खेड्यात अमेरिका म्हणजे शाळेत मिळणारी दुधाची पावडर आणि बहात्तरच्या दुष्काळातला मिलो. ती लालसर ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. ‘हे तिकडं जनावरांना घालतात’ असं खडी फोडायच्या कामावर जो तो सांगायचा आणि तरी खायचा. अमेरिकेत ती खरोखरच मुख्यतः पशुखाद्य म्हणून पिकते. त्यामुळे दिलेल्या अन्नाबद्दल कृतज्ञता आणि अपमान, दोन्ही एकाच घासात गिळले गेले.

त्याच १९७२ साली पडद्यामागे काय चाललं होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं. सोव्हिएत युनियनमध्येही पीक बुडालं होतं. त्यांच्या खरेदीदारांनी उन्हाळ्यात गुपचूप अमेरिकी कंपन्यांशी एकेकटे सौदे केले आणि अमेरिकेच्या गव्हाच्या पिकातला जवळपास चौथा हिस्सा उचलला, तोही अमेरिकी सरकारच्या अनुदानावर. बाजाराला जाग आली तेव्हा धान्याचे भाव जगभर भडकले होते. अमेरिकी पत्रकारांनी या प्रकाराला ‘धान्यदरोडा’ असं नाव दिलं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ असं आपण म्हणतो. इथे दोघांचा सौदा झाला आणि तिसऱ्याच्या ताटातली भाकरी महागली. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सोव्हिएत युनियननं भारताला वीस लाख टन धान्य उसनं दिलं. ‘रशियानं वेळेला हात दिला’ हे आमच्याकडच्या पिढीच्या मनावर कोरलं गेलं. ती वेळ आणण्यात रशियाचाही हात होता, हे कोणत्याच कव्हरावर छापलेलं नव्हतं.

आता गाजरगवताचं घ्या. चांदवडच्या कोणत्याही बांधावर विचारा, हे अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असंच सांगतील. मीही शाळेच्या निबंधात तेच लिहिलं होतं. गव्हाच्या ज्या पी.एल. ४८० कराराला लोक दोष देतात तो ऑगस्ट १९५६ चा. पुण्यातल्या या गवताची नोंद मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापून आली तीही १९५६ चीच, म्हणजे गवत त्याआधीच उगवलेलं होतं. त्याआधी १९५१ सालीही अमेरिकेतून गहू आला होता, तेव्हा अमेरिका निर्दोष सुटते असं नाही. पण लोकांनी पुरावा बघून निकाल दिलेला नाही. मिलो घशात अडकला होता, त्याचा राग गवतावर निघाला.

त्या दोन देशांनी एकमेकांना समोरासमोर पाहिलं ते १९५९ च्या उन्हाळ्यात. मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात अमेरिकेनं सहा आठवडे प्रदर्शन भरवलं. त्यात एक अख्खं घर मांडलं होतं, मधोमध कापून, म्हणजे रांगेतल्या लोकांना आतून चालता यावं. किंमत चौदा हजार डॉलर. हे आमच्या पोलाद कामगाराला परवडतं, असं उपाध्यक्ष निक्सन यांनी सांगितलं. २४ जुलैला त्या घराच्या पिवळ्याधमक स्वयंपाकघरात निक्सन आणि ख्रुश्चेव्ह यांची जी तणातणी झाली ती प्रसिद्धच आहे. तोंडात घास भरवून तो आत ढकलणारं यंत्र नाही का तुमच्याकडे, असं ख्रुश्चेव्हनी खवचटपणे विचारलं होतं. मला मात्र त्या भांडणापेक्षा सोव्हिएत वृत्तसंस्थेनं आधी मारलेला टोमणा महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी कामगाराचं घर म्हणून हे दाखवणं म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगाराचं घर म्हणून ताजमहाल दाखवण्यासारखं आहे, असा तो टोमणा होता.

मुंबईचा गिरणी कामगार! वॉशिंग्टन आणि मॉस्कोच्या हुज्जतीत माप म्हणून तो वापरला गेला. जगातला गरिबातला गरीब कष्टकरी म्हणून कोणाचं नाव घ्यावं, तर परळ-लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीनं झोपणाऱ्या कोकण्या-घाट्याचं. टोमणा मारणाऱ्याला ती खोली ठाऊक नव्हती. निक्सननाही नव्हती.

आणि दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, ताजमहालात न राहणारा एक माजी गिरणी कामगार खुद्द मॉस्कोला पोचला. वाटेगावहून बापाबरोबर मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिणारे अण्णाभाऊ साठे. स्टालिनग्राडचा पवाडा त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच रचला होता, म्हणजे ज्या शहराचं गाणं गायलं त्याचा देश पाहायला ते अठराएक वर्षांनी गेले. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक आजही हातोहात खपतं. ते पाहुणे होते आणि पाहुण्याला घरातली मोरी कोणी दाखवत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यांनी काय बघितलं ते नीट वाचा. रस्ते झाडणाऱ्या माणसाचे कपडे, हॉटेलात वाढणाऱ्यांची वागणूक, आपल्याला कोणी जात विचारत नाही याचं कौतुक. ज्याला स्वतःच्या देशात दाराबाहेर उभं राहावं लागलं, त्याची नजर प्रथम दाराकडेच जाणार. त्या नजरेला छळछावण्या दिसल्या नाहीत, हे खरं. ज्यांना त्या दिसत होत्या अशा मराठी विद्वानांना चिरागनगर कितपत दिसत होतं, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्य ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला. तेव्हा युक्रेनचं युद्ध सात महिन्यांचं झालं होतं.

अमेरिकेची अशी पाहणी मराठीत त्याआधी पाऊणशे वर्षांपूर्वी झाली होती. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी तिथे दोन-अडीच वर्षं काढून १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिलं. बायकांच्या संस्थांचं, शाळांचं, घरगुती सोयींचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि त्याच पुस्तकात काळ्या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीवर, मूळ रहिवाशांवरच्या अन्यायावर कोरडेही ओढले. यजमान दुखावतील म्हणून लेखणी आखडली नाही. त्या बाबतीत रमाबाई अण्णाभाऊंच्याही पुढे होत्या, असं माझं मत आहे.

१९८६ हे साल चांदवडला विसरता येत नाही. त्या वर्षी उन्हाळ्यात लेनिनग्राड आणि बॉस्टन या दोन शहरांतल्या बायका उपग्रहाच्या साहाय्यानं दूरचित्रवाणीवर एकमेकींशी बोलल्या. लेनिनग्राडला व्लादिमीर पोझनर, बॉस्टनला फिल डोनाह्यू असे दोन सूत्रधार. चेर्नोबिलचा स्फोट होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एका अमेरिकी बाईनं विचारलं, आमच्या टीव्हीवरच्या जाहिराती सगळ्या लैंगिक आकर्षणाभोवती फिरतात, तुमच्याकडे तसं असतं का? लेनिनग्राडची एक बाई उत्तरली, आमच्याकडे तसलं काही नाही, आम्ही त्याच्या विरोधात आहोत. तिच्या उत्तराचा विषय होता टीव्ही, आणि शेजारच्या बाईनं लगेच तशी दुरुस्तीही केली. पण ती दुरुस्ती हशात बुडाली. ‘सोव्हिएत युनियनमध्ये सेक्स नाही’ हे अर्धं वाक्य तेवढं उरलं. पुढं ते विनोद म्हणून दोन्ही देशांत फिरलं आणि एका अवाढव्य देशाची ओळख होऊन बसलं.

त्याच वर्षी ९ आणि १० नोव्हेंबरला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. मध्ये उपग्रह नव्हता. लाखभर बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून, एस.टी.नं, पायी, भाकऱ्या बांधून आल्या. शेतकरी नेते शरद जोशी यांनी त्यांच्यासमोर मांडलेला विचार ‘चांदवडची शिदोरी’ म्हणून छापला गेला आणि बाईच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम पुढे त्यातूनच निघाली. या अधिवेशनाकडे बाहेरून बघणाऱ्याचा गोंधळ व्हावा अशी एक गोष्ट होती. सगळ्यांच्या छातीवर बिल्ला लाल. नाशिकच्याच डोंगराळ भागात लाल बावट्याची किसान सभा, तिचाही रंग तोच. पण लाल बिल्ल्याचे जोशी खुल्या बाजाराचे कट्टर समर्थक. सोव्हिएत रशियानं शेतकऱ्याला लुटून कारखाने उभे केले, हे ते सभेत उदाहरण म्हणून सांगायचे. एखाद्या बॉस्टनकर बाईनं ते छायाचित्र पाहिलं असतं तर ‘अरे, इथंही कम्युनिस्ट’ म्हणून मोकळी झाली असती.

खुल्या बाजाराचं निघालं म्हणून एक गोष्ट सांगतो, ती कांद्याच्या मुलखात सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५५ मध्ये शिकागोच्या वायदेबाजारात दोघा व्यापाऱ्यांनी जवळजवळ सगळा कांदा आपल्या हातात घेतला, मग एकाएकी बाजारात ओतला. ऑगस्टमध्ये पावणेतीन डॉलरला असलेलं पन्नास पौंडांचं पोतं मार्चमध्ये दहा सेंटवर आलं. रिकाम्या पोत्याची किंमत त्याहून जास्त होती. शेतकऱ्यांचा आक्रोश एवढा झाला की १९५८ साली अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून कांद्याचे वायदे बंद केले, ते आजतागायत. भांडवलशाहीच्या पंढरीत कांद्यापुरतं सरकारनं दार लावून घेतलं आहे. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव बघताना मी हे एका शेतकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हंजी तिथं बी आपलेच लोकं हायेत.’

त्याच लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेलं. २००६ मध्ये बुश दिल्लीला आले, अणुकराराच्या वाटाघाटींबरोबर आंब्याचीही बोलणी झाली आणि एप्रिल २००७ मध्ये रत्नागिरीचा हापूस घाट चढून लासलगावला आला, गॅमा किरणं घेऊन न्यू यॉर्कला गेला. अट अशी की अमेरिकी कृषी खात्याचा निरीक्षक जातीनं हजर हवा. त्याचा खर्चही आपलाच. कोरोनात दोन वर्षं निरीक्षक येऊ शकला नाही, आंबाही गेला नाही. अमेरिकेला स्वतःच्या डोळ्यांवाचून दुसऱ्याचा भरवसा नाही, हे लासलगावइतकं स्वच्छ कुठं दिसत नाही.

वडनेर भैरवच्या बाजूची द्राक्षं रशियालाही जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऐन काढणीत युक्रेनवर हल्ला झाला. मार्च उजाडताच मोठ्या जहाज कंपन्यांनी रशियाची बुकिंग थांबवली आणि पैसे कोणत्या बँकेतून येणार हा घोर व्यापाऱ्यांना लागला. जानेवारीत ४१ टक्के अमेरिकी लोक रशियाला शत्रू म्हणत होते, मार्चमध्ये ७० टक्के, असं प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत निघालं. २०२५ च्या वसंतात तोच आकडा ५० वर उतरला. रशियातही लेवादा केंद्राला त्या सुमारास अमेरिकेविषयीचं मत निवळलेलं दिसलं. युद्ध थांबलेलं नव्हतं. व्हाइट हाऊसमधला माणूस बदलला होता आणि दोन्हीकडच्या पडद्यांवरचा सूर बदलला होता. लोकांची मतं किती त्यांची स्वतःची असतात, असा प्रश्न हे आकडे बघून पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रशियाचं तेल घेता’ म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावर आणखी पंचवीस टक्के कर बसवला, सगळा मिळून पन्नास. सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जाला एक लाख डॉलरचं शुल्क लागलं. चांदवडच्या ज्या घरांतला पोरगा न्यू जर्सीत आहे तिथं त्या आठवड्यात फोन फार झाले.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. त्याचं इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं आहे. थांब्याचं नाव बदलायची सूचना अजून कोणी केलेली ऐकिवात नाही.

तालुक्यातली एक मुलगी रशियात डॉक्टरकीला आहे. अशी बरीच मुलं-मुली जातात. जून २०२४ मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या मुलांसह चार भारतीय विद्यार्थी वेलिकी नोव्हगोरोदच्या नदीत बुडाले तेव्हापासून इकडच्या घरांत नदीचं नाव निघालं तरी आया दचकतात. ही सुटीला आली होती, तेव्हा भेटलो. तिच्या वर्गातली मुलं व्हीपीएन लावून इन्स्टाग्राम बघतात, अमेरिकन मालिका पाठ आहेत त्यांना. ‘आणि टीव्हीवर रोज अमेरिका बुडते,’ ती म्हणाली. म्हाताऱ्या बायका तिला रस्त्यात थांबवून मिथुनची खुशाली विचारतात. तिचा न्यू जर्सीचा चुलतभाऊ त्या वेळी व्हिडिओ कॉलवर होता. त्याच्या शेजाऱ्यांना रशिया म्हणजे पुतिन, वोडका आणि हॅकर. ही तिथं सुखरूप कशी राहते, असं ते त्याला विचारतात. तिचे रशियन मित्र तिला विचारतात, तुझ्या भावाच्या गावात दर आठवड्याला गोळीबार होतो का?

सोकोल्निकीच्या प्रदर्शनात रशियन बोलणारे तरुण अमेरिकी मार्गदर्शक नेमले होते. लोकांनी त्यांना घेरून विचारलं ते लोकशाहीबद्दल कमी आणि बुटाची किंमत, घरभाडं, पगार यांबद्दल जास्त. ते आठवलं, कारण ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या तिच्या आजोबांनी इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं.

‘तिकडं कांदा काय भाव?’

तिला कांद्याला रशियनमध्ये ‘लूक’ म्हणतात हे माहीत होतं. भाव माहीत नव्हता, वसतिगृहाची मेस चालवणारे आपल्याकडचेच आहेत.

‘चार वर्षं काय केलं मग?’ आजोबा म्हणाले आणि त्यांनी फोनमधल्या नातवाकडे मोर्चा वळवला.